चिलरची जागा

साहेबांना हॉलमध्ये भिंतभर समुद्री माशांचा टँक हवा होता, जिवंत पोवळ्यांसकट. पण पंप घरघरतात आणि पाणी गार ठेवणारा चिलर गरम हवा ओकतो, म्हणून ती यंत्रं हॉलमध्ये नकोत. मला सरळ भिंतीपलीकडं असलेल्या त्यांच्या आईच्या खोलीत नेलं आणि म्हणाले, "सगळं इथं लाव. खाटेला चिकटून."

मी म्हटलं, "साहेब, म्हातारं माणूस भाजून निघेल की इथं."

"पाणी तापलं तर मासे मरतात. आणि तू टँक बसवायला आलायस ना? मग आमच्या घरात नाक खुपसू नको."

दारातून बाईसाहेब म्हणाल्या, "नाहीतरी त्या दिवसभर लोळतच असतात."

दोघं बाहेर गेल्यावर खाटेवरच्या म्हातारीनं मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "बाबा रे, हे सगळं बंद पडलं तर काय होतं?"

"दोन-तीन तासांत सगळे मासे उताणे, आजी."

म्हातारी उशी सारखी करून नीट टेकून बसली.




"मग याचं बटण माझ्या उशाशी बसव."