अंड्यापासून छत्रीपर्यंत

सकाळी सातला फोन वाजला. ‘आजचा विषय : अर्धी मिटलेली छत्री. आधी काड्या मोज.’ संदेश सुनेने दोनदा वाचला. तीस वर्षं नकाशे काढलेल्या माणसाला काड्या मोजायला कोण सांगतं?

संदेश सासऱ्यांसाठी होता. पाठवणारा त्यांचा कचेरीतला जुना मित्र. कचेरीतच त्याचं नाव फूटपट्टी पडलं होतं. निवृत्तीनंतर बारा वर्षं दोघांचा नेम होता. सातला फूटपट्टीने विषय द्यायचा, दोघांनी आपापल्या घरी दहा मिनिटांत रेखाटायचा, खोडरबर चालणार नाही, साडेसातला एकमेकांना फोटो.

तीन महिन्यांपूर्वी आजारपणात सासऱ्यांचा उजवा हात लुळा पडला.

“सूनबाई, माझ्या जागी तू काढ,” ते म्हणाले. “त्याला मात्र कळू द्यायचं नाही. हा नेम मोडला तर सकाळी उठायचं तरी कशाला?”

ती काढू लागली आणि चौथ्या दिवशी विषय आला, अंडं. पुढचे चार दिवस अंडंच. बारा वर्षं जिने आणि सायकली काढणारी माणसं एकदम अंड्यावर कशी आली? मग कप आला, मग बशीतला कप. फूटपट्टीच्या चित्रांतल्या कच्च्या रेघा आता तशाच राहत, जणू मुद्दाम दिसाव्यात म्हणून. वर प्रश्न : ‘कपाचा कान नेमका कुठून फुटला?’ ही उलटतपासणी होती. कुठेतरी पाणी मुरत होतं. म्हातारा तिला एकेक पायरी वर चढवत होता, वरून ढकलायला.

घरात ती काही बोलली नाही. सासरे रोज दाढी उरकून, चष्मा पुसून साडेसातची वाट बघत बसत. बिंग फुटलं की तेही संपणार होतं.

तिने छत्री काढली, फोटो पाठवला आणि पुस्तक परत करायच्या निमित्ताने दोन गल्ल्या ओलांडून फूटपट्टीचं दार वाजवलं.

टेबलावर तिची सगळी चित्रं छापून, तारीखवार लावून ठेवली होती. प्रत्येकावर लाल पेन्सिलीच्या खुणा. पुरावा पक्का होता.

“काका, पकडलंत ना? मला काय बोलायचं ते बोला. पण बाबांचा नेम मोडू नका.”

“बस आधी. कपापर्यंत ठीक होतीस. छत्रीत घाई केलीस.”

“तुम्हाला कळलं कधी?”

“पहिल्या अंड्याच्या आधी. तुझ्या सासऱ्याचाच फोन आला होता. म्हणाला, सून लग्नाआधी सुरेख काढायची, आमच्याकडे आल्यापासून पेन्सिल हातात धरली नाही. शिकव तिला, अगदी मुळापासून. आणि मास्तरकी करतोयस हे दाखवू नकोस.”

“मग मला सरळ शीक म्हणायचं ना त्यांनी!”

“मीही तेच म्हटलं. तर म्हणतो कसा, ‘स्वतःसाठी म्हटलं तर ती दहा मिनिटंही बसायची नाही. माझ्यासाठी म्हटलं, तर रोज बसेल.’”