आठ गुणांचं उत्तर

"पुढं लिही," वर्षाराणी म्हणाली. "दुसऱ्या कथेतला खुनी दुधाचा पेला स्वतः घेऊन येतो."

मदिहाचं पेन थांबलं. बारावीच्या सराव परीक्षेचा मराठीचा पेपर चालू होता. वर्षाराणीला दिसत नव्हतं. ती उत्तरं सांगायची आणि अकरावीतली मदिहा तिची लेखनिक म्हणून लिहायची. प्रश्न होता, पुस्तकातल्या दोन कथांमधल्या खुन्यांची तुलना करा. दोन्ही कथा मदिहानंच तिला चार-चारदा वाचून दाखवल्या होत्या. पहिल्यातला खुनी दरोडेखोर, तांबारलेल्या डोळ्यांचा, लांबूनच ओळखू येणारा. दुसऱ्यातला गोडबोल्या, भावाला गप्पा मारत विहिरीपाशी नेऊन ढकलणारा. दूध कुठंच नव्हतं.

"अगं, पण त्या कथेत..."

"लेखनिकानं फकस्त लिहायचं," दाराशी बसलेले आकाराम सर म्हणाले. "परत बोललीस तर पेपर रद्द."

मदिहानं मान खाली घातली. वर्षाराणीचे आठ गुण आज गेले, एवढंच तिला वाटलं.

"पहिल्या खुन्याला लेखकानं सुरा दिला आहे," वर्षाराणी सावकाश सांगत राहिली. "दुसऱ्याला नुसता आवाज. तो बाळ म्हणून हाक मारतो. पेला रिकामा होईपर्यंत उशाशी उभा राहतो. महिन्याभरापासून दुधाची चव बदलली आहे. प्यायल्यावर हातपाय गार पडतात. वडील गेल्यापासून मळा मुलीच्या नावावर आहे. घरात तिसरं कुणी नाही."

त्या कथेत मुलगीसुद्धा नव्हती. मदिहाला घाम फुटला. अक्षर वेडंवाकडं यायला लागलं, तरी तिनं एकही शब्द गाळला नाही.

"लिहिलंस?"

बोलायची सोय नव्हती. मदिहानं तिचा हात घट्ट दाबला.

घंटा झाली. सरांनी पेपर घेतला आणि तिघं व्हरांड्यात आली. तिथं वर्षाराणीचे चुलते, अमरसिंह, थर्मास घेऊन उभे होते. मंगळवार पेठेतून रोज तिला सोडायला आणि न्यायला तेच यायचे. असा चुलता नशिबानं मिळतो, असं सर नेहमी म्हणायचे. आजही म्हणाले.

"दमलीस न्हवं बाळ?" अमरसिंहांनी थर्मासच्या झाकणात दूध ओतलं. "घे, एका दमात. कोमटच हाय."

वर्षाराणीचा हात पुढं झाला. मदिहानं मधेच ते झाकण आपल्या हातात घेतलं.

"काका, आधी तुमी घ्या की घोटभर."

ते हसले. "मला न्हाय सोसत दूध."

"मग मी घेऊ? सकाळपासनं काय खाल्लं न्हाय."

तिनं झाकण ओठांकडं नेलं.

"नगं," अमरसिंह म्हणाले आणि त्यांनी ते तिच्या हातातून हिसकावलं. थोडं दूध तिच्या ओढणीवर सांडलं. "तिच्यापुरतंच हाय ते."

सर एकदा मदिहाकडं, एकदा अमरसिंहांकडं बघत राहिले. वर्षाराणीनं मान तिरकी केली. दूध परत थर्मासात ओतल्याचा आवाज तिनं ऐकला, मग झाकण आवळल्याचा.

"सर," ती म्हणाली, "माझा पेपर आजच तपासा. मी हितंच थांबते."