बागेची राखण

परवाना खरा होता. संगणकावर नंबर टाकला, तर समोर उभ्या गिऱ्हाइकाचाच फोटो उघडला. कलेक्टर कचेरीत फोन केला, तिथल्या कारकुनानेही हो म्हटलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, पीकसंरक्षण. तरी मला काहीतरी खटकत होतं. एकनळी बंदूक समोर ठेवली, तरी या माणसाने किंमतसुद्धा विचारली नव्हती. वीस वर्षं मी हे बंदुकांचं दुकान चालवते. कागद तर सगळ्यांचेच चोख असतात.

"त्रास कसला आहे?" मी विचारलं.

"रानडुकरांचा, वहिनी. काजूची बाग आहे. पार धुडगूस घालतात."

"यंदा मोहोर कसा आलाय?"

तो गप्प. बागायतदार मोहोराबद्दल गप्प बसत नाही. चांगला असो नाहीतर करपलेला, चहा थंड होईपर्यंत बोलतो.

"बागेत कधी जाऊन आलात?" मी बंदुकीवर हात ठेवला.

त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे रोखून बघितलं. "दोन वर्षं झाली. भाऊ कुंपणाच्या आत पाऊल टाकू देत नाही."

मी बंदूक उचलून कपाटात ठेवली, किल्ली कमरेला खोचली आणि कलेक्टर कचेरीचा नंबर पुन्हा फिरवला.