चाखण्याचा मान

डॉक्टरची चिठ्ठी चाखणकराने दोन्ही हातांनी पुढे केली. महाराजांनी ती घेतली नाही, म्हणून मग त्याने ती दुपारच्या ताटाशेजारी ठेवली.

"काय लिहिलंय?" महाराजांनी विचारलं.

गोड बंद, असं लिहिलं होतं. मधुमेहापायी चाखणकराच्या डाव्या पायाची दोन बोटं गेल्या वर्षी कापली होती, आता तिसरं काळं पडत होतं, आणि पथ्य पाळलं नाही तर पाऊलच जाईल असं डॉक्टरने स्वच्छ सांगितलं होतं. चाखणकर सत्तरीचा होता. त्याचं खरं आडनाव मतदारयादीत असेल तेवढंच. महाराजांच्या ताटातला पहिला घास आधी आपण खायचा, हे काम त्याच्या आजापासून घरात चालत आलेलं, त्यावरून हे नाव पडलं होतं. राज्य जाऊन जमाना झाला. राजवाड्याच्या पुढच्या दालनांत नोंदणी कचेरी थाटली गेली, मागच्या दोन खोल्या महाराजांना उरल्या, तरी घास काही चुकला नव्हता. चाखणकराने खायचं, मग वीस मिनिटं समोर बसायचं, तेवढ्यात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, कारण पाण्याने विष पातळ होतं म्हणे. तो धडधाकट उठला की महाराज जेवायला सुरुवात करणार. या घराण्यात कुणाची जीभ कधी भाजली नाही, कारण गरम अन्न कुणी कधी खाल्लंच नाही.

चाखणकराचं मागणं एवढंसं होतं. बाकी सगळं चाखतो, फक्त गोडातून मोकळं करा.

सूनबाई ताट वाढत होती. ती त्या नोंदणी कचेरीतच कारकून होती, जेवणाच्या सुट्टीत धावतपळत येऊन सासऱ्यांना वाढून जायची. तिनेही चाखणकराची बाजू घेतली. महाराजांची स्वारी आज खुशीत होती. ठीक आहे, म्हणाले, पायापेक्षा का गोड मोठं आहे, राहू दे. चाखणकराचा जीव भांड्यात पडला, आणि जीव भांड्यात पडला की माणूस दोन शब्द जास्तच बोलतो.

"आणि महाराज," तो हसत म्हणाला, "आता तुम्हाला विष कोण घालणार?"

सूनबाईने ओठ चावून हसू दाबलं, पण फुटायचं ते फुटलंच.

महाराज हसले नाहीत. चाखणकराने त्यांच्याकडे पाहिलं आणि आपलं हसू आवरतं घेतलं. नोकरचाकर गेले, गाड्या गेल्या, टपालावर मागचेपुढचे किताब गाळून नुसतं नाव यायला लागलं, ते सगळं या माणसाने सोसलं होतं. पण आपल्या जिवावर कुणीतरी टपलेलं आहे, एवढी एक राजेपणाची खूण त्याने जपून ठेवली होती. चाखणकराला हे चाळीस वर्षं ठाऊक होतं. आज एक क्षण विसरला, एवढंच.

"सूनबाई, गोडाचं पातेलं आणा."

"मामंजी, त्यांचा पाय..."

"कडू वास येतोय," महाराज शांतपणे म्हणाले. "वाटीवर भरवसा नाही. विष तळाशी बसतं."

गोड सूनबाईनेच केलं होतं, उद्या येणाऱ्या पाहुण्यांच्या हिशेबाने, दुधात भरपूर साखर घालून आटवलेलं. आता खाऊ नका म्हणावं, तर विष आपणच घातलं असं ठरणार. ती पातेलं घेऊन आली.

चाखणकर खाऊ लागला. नाही म्हणायची त्याच्या तोंडाला सवय नव्हती, ते तोंड फक्त उघडायच्या कामाचं होतं. अर्ध्यावर त्याला मळमळलं. त्याने वर पाहिलं. महाराज हनुवटीखाली हात घेऊन बघत होते.

"तळ दिसू दे," ते म्हणाले.

तळ दिसला. मग वीस मिनिटं सुरू झाली. चाखणकराची जीभ टाळ्याला चिकटली. पाण्याचा तांब्या हाताच्या अंतरावर होता. दहाव्या मिनिटाला त्याने पाणी मागितलं, जन्मात पहिल्यांदा, आणि महाराजांनी नुसती नकाराची मान हलवली. पुढच्या दोन मिनिटांत त्याला दरदरून घाम फुटला. भिंतीवर एकाची दोन घड्याळं दिसायला लागली. पोटातून ढवळून आलं, ते सगळं अंगावरच पडलं, आणि तो बसल्या जागी कलंडला.

जमिनीवरून त्याला महाराजांचे पाय तेवढे दिसत होते. एरवी उठताना दोन्ही बाजूंनी आधार लागायचा, तो माणूस आज ताडकन उठला.

"बघितलंत?" महाराजांचा आवाज आनंदाने कापत होता. "मी सांगत नव्हतो?"

विष नाही, साखर आहे ती, त्यांना साखर चढलीय, असं काहीबाही ओरडत सूनबाई डॉक्टरला आणायला दाराकडे धावली.

"दरवाजे बंद करा," महाराजांनी हुकूम सोडला. "चौकशी होईपर्यंत कुणी बाहेर जाणार नाही."

हुकूम झेलायला खोलीत कुणीच नव्हतं. मग महाराज स्वतःच तिच्या आधी दाराशी पोचले. त्यांनी कडी घातली आणि दाराला पाठ लावून ताठ उभे राहिले. सूनबाई रडत होती, त्यांचे हात धरत होती, चाखणकराकडे बोट दाखवत होती. महाराजांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"रडू नका," ते मायेने म्हणाले. "फक्त एवढं सांगा, तुम्हाला कुणी पाठवलं?"