मडगार्ड नसलेली सायकल

"आज पण ढकललं," नवरा बूट काढता काढता म्हणाला.

बायको त्याच्या शर्टाची पाठ बघत होती. दोन खांद्यांच्या मधोमध काळा डाग. दीड महिन्यातला हा सहावा शर्ट.

"कोणी?"

"दादानं. दुसरं कोण ढकलणार? ऑफिसात तर सगळे मागे ओढणारेच."

दादा म्हणजे त्याचा मोठा भाऊ. अकरा वर्षांपूर्वी वारला. त्याआधी दोघं शेजारी शेजारी सायकली चालवत कामावर जायचे. चढ आला की दादा एका हातानं धाकट्याच्या पाठीला रेटा द्यायचा आणि वर पोचलं की दोन थापा मारायचा. म्हणजे, सुटलास, आता तुझं तू बघ. दादा छापखान्यात होता. त्याचे हात कधी स्वच्छ झालेच नाहीत. घरातले टॉवेलसुद्धा त्याला घाबरायचे. लग्नाच्या सगळ्या फोटोंत तो सासूबाईंच्या हुकमावरून हात मागे बांधून उभा आहे, अटक झाल्यासारखा. तो गेला त्या दिवसापासून नवऱ्यानं सायकल सोडली होती.

यंदा अँजिओप्लास्टी होऊन त्याच्या हृदयात स्प्रिंग बसली. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा, फक्त चढावर जोर लावू नका. ऑफिस नेमकं चढावर होतं. हे डॉक्टरांना सांगितलं तर ते सायकलही बंद करतील, म्हणून दोघांनी सांगितलं नाही.

नवऱ्यानं हौसेनं हायब्रिड सायकल बनवून घेतली. हँडल उंच, सीट रुंद, टायर ना जाड ना बारीक. मडगार्ड नको, उगाच वजन. स्वतःचं वजन वीस किलो जास्त असलेला माणूस मडगार्डच्या दोनशे ग्रॅमवर अडून बसला.

बायकोनं मेकॅनिकला गाठून यादीत आणखी एक कलम घातलं. मागच्या चाकात छोटी मोटार. पॅडल मारलं की आपोआप जोर लावणारी, अजिबात आवाज न करणारी. बॅटरी पाण्याच्या बाटलीएवढी, फ्रेमला अडकवायची. मेकॅनिकला तिनं शपथ घातली. कारण "मी आजारी नाहीये" हे नवऱ्याचं आवडतं वाक्य होतं आणि मोटारीचा पत्ता लागला असता तर सायकल त्याच दिवशी माळ्यावर गेली असती.

नवऱ्याला सांगितलं, बाटलीत हत्यारं आहेत. पंक्चर झालं तर रिक्षात बसणारा माणूस; त्यानं कधी उघडून पाहिलं नाही.

संध्याकाळी तो आंघोळीला गेला की ती बॅटरी काढून धान्याच्या डब्यामागे चार्जिंगला लावायची. लावता क्षणी हिरवा दिवा. किती कमी खाते बिचारी, असं तिला कौतुक वाटायचं. घरात निदान कोणीतरी बेताचं खाणारं होतं.

"आणि तो राँग नंबरवाला," नवरा म्हणाला. "सकाळी परत फोन. मी हॅलो म्हटलं की सॉरी म्हणतो आणि ठेवतो. चांगल्या घरचा असणार."

"बरं."

"आणि ऐक, रविवारी मी धरणावर जातोय."

"मधे घाट आहे."

"दादा आहे की."

"अहो, डॉक्टर काय म्हणाले?"

"जोर लावू नका म्हणाले. मी लावतोय कुठे?"

तिला त्या रात्री घाट दिसत राहिला, आणि घाटाच्या मध्यावर संपलेली बॅटरी.

शनिवारी नवरा केस कापायला गेला. कपाटातून इस्त्रीचा पिवळा कुडता काढून तिनं घातला आणि सायकल बाहेर काढली. बॅटरी किती किलोमीटर पुरते, एवढंच विचारायचं होतं. मेकॅनिकचं दुकान चढ संपतो तिथेच. कटाचा सुगावा लागू नये म्हणून ती दीड महिना तिकडे फिरकलीच नव्हती.

चढ सुरू झाला. सायकल कॉलेजात असताना सुटलेली. तिसऱ्या पॅडललाच मांड्या भरून आल्या. आणि मग रेटा आला. नेमका पाठीच्या मधोमध, रुंद, न घाई करणारा. तिला हसू आलं. नवऱ्याचं तरी काय चुकलं, कोणालाही हातच वाटला असता. वर पोचल्यावर पाठीत दोन हलके धक्के बसले. मोटार बंद होताना बसत असतील.

मेकॅनिक ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. तिला पाहून उठलाच.

"आधी मडगार्ड लावा हो," ती म्हणाली. "चेनचं तेल यांच्या पाठीवर उडतं. सहा शर्ट गेले."

"चेनचं तेल पायाला लागतं, वहिनी. पाठीवर कसं उडेल?"

"ते राहू दे. मोटार मात्र झकास बसवलीत. बॅटरी घाटात पुरेल ना?"

मेकॅनिकनं ओले हात पँटला पुसले.

"वहिनी, रागावू नका. मोटार चुकीच्या मापाची आली होती, परत पाठवली. सायकल साहेब तशीच घेऊन गेले, नुसती बॅटरी अडकवलेली. नवी परवा आलीय, ती बघा, खोकंपण फोडलेलं नाही. तुमच्या घरी चार वेळा फोन केला, पण दर वेळी साहेबच उचलतात. तुमची शपथ, म्हणून राँग नंबर म्हणायचो."

ती वाकून मागच्या चाकाकडे बघत राहिली. मधला दांडा अंगठ्याएवढा होता. त्यात काही मावलं नसतं.

"हलू नका जरा," मेकॅनिक तिच्या मागून म्हणाला. त्यानं फडक्यानं तिच्या कुडत्याची पाठ टिपली आणि फडकं नाकाशी नेलं.

"तेल नाही, वहिनी. शाई आहे. अजून ओली आहे."