जाळीचं तोंड

थोरलीला दुसरी मुलगी झाली त्या वर्षी मिस्त्री नातीला बघायला म्हणून आला, आणि दुसऱ्याच सकाळी जावयाच्या शिडाच्या होडीत इंजिनापाशी गुडघे टेकून बसला. इंजिन मागच्या खेपेला त्यानंच बसवलं होतं. समुद्राचं पाणी ओढून इंजिन थंड ठेवणारा पाइप, त्याचा कॉक, पंप, होडीच्या बुडाला बाहेरून लावलेली जाळी, सगळं त्याच्या हातचं.

जावयानं इंजिनाचं डोकं उघडलं. आत खारं पाणी साचलं होतं. सिलिंडर गंजून तांबडे झाले होते आणि एका पिस्टनचा दांडा वाकला होता.

“मामा, हे आता भंगारात,” जावई म्हणाला. “पण पाणी शिरलं कुठून? इतके दिवस मी इंजिनाला हातसुद्धा लावला नाही. वारा झकास होता, नुसत्या शिडावर हिंडलो. चालू करायला गेलो तर ठक्कन अडकलं.”

“पंपाचा दोष असेल,” मिस्त्री म्हणाला, पण उतरला खाली.

होडी किनाऱ्यावर ओढून ठोकळ्यांवर घेतली होती. मिस्त्री बुडाखाली उताणा सरकला. खरवडून शेवाळ काढलं, तशी जाळी दिसली. सुपासारखी, तोंड पुढे, होडीच्या टोकाला, नाळेकडे.

उभा जन्म त्यानं लाँचींना अशाच जाळ्या बसवल्या. लाँच चालते इंजिनावर, तिनं पाणी समोरून घेतलेलं बरं. शिडाची होडी पळते ती इंजिन बंद ठेवून. तिच्या जाळीचं तोंड मागे हवं, नाहीतर पाणी आपल्या जोरानं आत घुसतं आणि पंप ओलांडून इंजिनात जाऊन बसतं. त्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही. हात सवयीनं चालला होता.

लेक बाळाला खांद्यावर घेऊन आली. “सापडलं का हो बाबा?”

“सापडलं. जाळी उलटी बसवलीय.”

“कुणी?”

होडीखालून जाळीचे स्क्रू खरवडल्याचा आवाज आला.

“तुझ्या माहेरच्यांनी,” जावई म्हणाला आणि हसला. त्या हसण्यात राग नव्हता. राग असता तर मिस्त्रीला सोसला असता.

त्यानं जाळीचे स्क्रू काढले आणि ती फिरवून बसवायला घेतली.

“अहो मामा, इंजिनच नाही, तर आता जाळी कशाला?”

“मग चुकीची तशीच ठेवू?”

“बरं, बसवा. परवापासून माणसं यायची आहेत फिरायला. त्यांना नाही म्हटलं तर आम्ही खायचं काय? शीड आहे ना. वाऱ्याला डिझेल लागत नाही.”

बंदराबाहेर ओहोटीची ओढ कशी असते, ते मिस्त्रीला माहीत होतं. वारा पडला तर तिथून होडीला इंजिनच बाहेर काढतं. इंजिनाशिवाय जाऊ नका, एवढंच सांगायचं होतं. जीभ रेटेना. जावयाला इंजिनाचं काही शिकवण्याचा हक्क त्यानं आपल्या हातानं घालवला होता. त्यानं शेवटचा स्क्रू आवळला आणि तो पक्का बसला होता तरी पुन्हा आवळला.

वारा पडला तो भरदुपारी. ओहोटीनं होडी खडकांवर नेली. बरोबरची माणसं पोहून काठाला लागली. जावई तिथंच बुडाला, त्याच महिन्याच्या अमावस्येला.