उंबऱ्यावरचा चहा

"मग काय ठरवलंस?" बाबांनी विचारलं आणि कपात फुंकर मारली.

ती दप्तर भरत होती. "अजून काही नाही."

"जागा किती दिवस धरून ठेवतात ते लोक?"

"शुक्रवारपर्यंत."

"बरं." ते उंबऱ्यावर उभे राहूनच चहा पीत होते, चपला पायात तशाच. केसांत, भुवयांत पीठ. रात्रभर बेकरीच्या भट्टीपुढे राबून आलेला माणूस. पण आत येऊन टेकतील तर शपथ. "बसा की," असं ती पूर्वी म्हणायची. आता म्हणत नव्हती.

बापलेकीची गाठ पडायची ती एवढीच. ते पहाटे कामावरून येत, ती कॉलेजला निघे. संध्याकाळी ती परते तोवर ते पुन्हा बेकरीत गेलेले असत. रात्री ती स्वयंपाक करी, त्यांचं झाकून ठेवी. दुसऱ्या दिवशी आल्यावर भांडी घासून पालथी घातलेली दिसत आणि पलंगावरच्या चादरीला एक सुरकुती नसे. आई असताना हा माणूस ओला टॉवेल पलंगावर टाकून जायचा. आई गेली आणि त्यांना टापटीप सुचली. दीड वर्ष होत आलं होतं.

जनावरांच्या डॉक्टरकीचं तिचं तिसरं वर्ष. कॉलेज गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून जायचं. परवा एका वासराला सलाईन लावताना ती उभ्या उभ्या पेंगली आणि सर सगळ्यांदेखत म्हणाले, "पेशंट कोण आहे इथे?" पोरं हसली. तीही हसली. मग गोठ्यामागे जाऊन तिने डोळ्यांवर पाणी मारलं.

आणि नेमकी त्याच आठवड्यात वसतिगृहात एक जागा रिकामी झाली. कॉलेजच्या आवारातच. खिडकीतून गोठा दिसायचा.

"जायचं तर जा बाई," मावशी फोनवर म्हणाली, "पण बापाचा विचार कर. त्या दोन खोल्या त्याला खायला उठतील. माझ्या बहिणीमागे तूच आहेस त्याला."

"बाबा म्हणतात, तुझं तू ठरव."

"मग काय, जाऊ नकोस म्हणेल? तोंड उघडून कधी काही मागितलंय त्या माणसाने?"

ते खरं होतं. बाबा तिला रोज बसथांब्यापर्यंत सोडायला येत आणि वाटभर गप्प असत. बस हलली की हात वर करत. मागच्या काचेतून ते लहान लहान होत जाताना दिसत, आणि आता हा माणूस त्या मुक्या घरात जाऊन एकटा झोपणार, या विचाराने ती वळण येईतो मागेच बघत राही.

गुरुवारी उंबऱ्यावर त्यांनी पुन्हा विषय काढला. "खोली कशी आहे तिथली?"

"लहान आहे. पण उजेड आहे."

"सोबत कोण?"

"एक मुलगी आहे. बरी आहे."

"हं. गादी वगैरे न्यावी लागेल का?" ते कपाच्या तळाकडे बघत म्हणाले. "म्हणजे, आणून ठेवायला बरी."

एवढंच. पण त्या 'बरी'चा सूर तिला केविलवाणा वाटला. बसमध्ये चढेपर्यंत तिचा निर्णय झाला होता.

वसतिगृहाच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "नक्की ना? मागे रांग आहे. एकदा नाही म्हटलंस की या वर्षी पुन्हा मिळायची नाही."

"नक्की."

रांगेतली पुढची मुलगी बाहेरच बाकावर बसली होती. जागा मिळाल्याचं कळताच तिने हिच्या गळ्यात हात टाकले आणि अर्ध्या तासात आपली ट्रंकही वर चढवली. ही दारात उभी राहून जरा वेळ त्या खिडकीकडे बघत राहिली. मग दुपारचे तास बुडवून घरी निघाली. ही गोष्ट घाईघाईत सांगायची नव्हती. बाबांना उठवायचं, समोर बसवायचं आणि सांगायचं: मी कुठेही जात नाही.

घराला कुलूप होतं.

तिने आपल्या किल्लीने उघडलं. पलंग तसाच, नीटनेटका. गादीवर हात ठेवला, गार. दुहेरी पाळी लागली असेल, असं तिने स्वतःला समजावलं आणि तरी जवळजवळ धावतच बेकरी गाठली. इतक्या वर्षांत ती इथे कधी आली नव्हती.

मागच्या दाराशी एक म्हातारा कारागीर ट्रे पुसत होता. "पाव संपले. चारला या."

तिने बाबांचं नाव घेतलं.

"झोपलाय आत, पोत्यांवर. उठवू?"

"नको." तिने आत डोकावलं. पिठाच्या पोत्यांवर बाबा कुशीवर झोपले होते, हाताची उशी करून. इतकं गाढ झोपलेलं तिने त्यांना आई असतानाच पाहिलं होतं. "घरी नाही जात झोपायला?"

"जातो की, पहाटे. पोरीच्या हातचा चहा घ्यायचा, तिला बसमध्ये बसवायचं, डबा भरायचा की आला परत. घरी त्याचा डोळाच लागत नाही. बायको गेली त्या घरात." म्हाताऱ्याने फडकं झटकलं. "पण आता सुटेल बिचारा. पोरीला वसतिगृहात जागा मिळालीय. ती गेली की त्याच दिवशी घरमालकाला किल्ली देऊन इथे माळ्यावर राहायला येणार आहे. नुसतं तिच्यासाठी धरून ठेवलंय हो त्याने ते घर."